हिरव्या गाडीचं गोडं पाणी

मुरब्याच्या किनाऱ्यावर पुंडलिकचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागनं दिसायचा. पावसाआधी होड्या वर ओढल्या की त्यांची बुडं खरवडायची, फटींत राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, लाकडाला मुशी माशाचं तेल पाजायचं आणि मग रंग चढवायचा, हे त्याचं काम. काम करताना तोंड बंद ठेवायची सवय त्याला नव्हती. लाकडाला शिव्या, रंगाला शिव्या, होडीच्या मालकाला तर हक्कानं. ओल्या फळीवर रंग मारायला सांगणाऱ्या एका तांडेलाला त्यानं रंगाच्या डब्यासकट घरी धाडलं होतं आणि आठ दिवस त्याच्या होडीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तरी आठ दिवसांनी तांडेल पुन्हा त्याच्याच दारात, कारण पुंडलिकचा हात फिरलेली होडी खाऱ्या पाण्यात तीन पावसाळे काढायची आणि दुसऱ्याच्या हातची दिवाळीला पोपडे टाकायची.

पन्नाशीला आलेला, काटकुळा, डोळे बारमाही लाल. राग त्याला कशाचाही यायचा, पण त्या वर्षी त्याला जो राग आला तो कशाचाही नव्हता. तो पाण्याचा होता.

गावच्या विहिरी शिमगा सरला की मचूळ व्हायच्या आणि चैत्रात खारट. एकच विहीर गोडी राहायची. ती किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या जुन्या वाडीत. वाडी ज्या घराची होती त्यांनी कधी फाटक लावलं नव्हतं. बाया यायच्या, रहाट ओढायच्या, हंडे भरून जायच्या. त्या घरानं वाडी विकली आणि चंद्रभानशेटनं घेतली.

चंद्रभानशेट देशावरचा ठेकेदार. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं खडी आणि वाळू पुरवायचा. माणूस वाईट नव्हता असं त्याचे लोक सांगत. असेल. पण त्यानं पहिल्या महिन्यात वाडीला तारेचं कुंपण घातलं, दुसऱ्या महिन्यात लोखंडी फाटक बसवलं आणि तिसऱ्या महिन्यात फाटकाला कुलूप. राखणीला नागोराव म्हणून परभणीकडचा माणूस ठेवला. बाया आतल्या गावाच्या तळ्यावर जायला लागल्या. जाऊन येऊन सकाळ संपायची आणि हाती यायचे दोन हंडे.

मग ती गाडी आली.

कारखान्यावर कामाला आलेला एक परदेशी साहेब मुदत संपून मायदेशी परतला, त्याच्याकडून शेटनं ती घेतली. चार महिन्यांपूर्वी बोटीतून उतरलेली, आतल्या कातड्याचा नवा वास अजून न गेलेली. गाड्यांच्या शर्यतीत पळते त्या जातीची. दोनच माणसं मावतील एवढी, पोट जमिनीला टेकलेलं, तोंड लांब, डोळे वर आलेले आणि रंग गर्द हिरवा. बोईसरच्या रस्त्यानं खडखडत ती मुरब्यात शिरली तेव्हा वाटेवर बोंबील वाळत घालणाऱ्या साखरबाईनं मान वर केली आणि म्हणाली, "शेटनं बेडूक आनलाय गो." तेव्हापासून गावात तिला बेडूकच म्हणायचे.

बेडकाला किनाऱ्याची हवा सोसेना. रात्रभर खारा वारा, त्यात वाळूची बारीक धूळ. पंधरा दिवसांत हिरव्या रंगावर पांढरट साय धरली. शेटच्या ड्रायव्हरनं कोरड्या फडक्यानं ती खसाखसा पुसली आणि दारावर बारीक रेघांचं जाळं उठलं. शेटनं ड्रायव्हरला जीपवर घातलं आणि खाऱ्या वाऱ्यातली वस्तू कोण सांभाळतो याची चौकशी केली. ज्याला विचारावं तो पुंडलिकचं नाव सांगायचा.

शेट पगार द्यायला तयार होता. पण सौदा पुंडलिकनं केला नाही, साखरबाईनं केला. साखरबाई साठीची, नवरा दर्यात गेलेला, जिभेला हाड नाही. शेट फाटकाशी उभा होता, तिथं ती जाऊन ठाकली.

"आमच्या पुंडल्याला पगार नको," ती म्हणाली. "तो तुमचा बेडूक रोज धुवील. तुमी रोज सकाळी दोन तास फाटक उघडं ठेवायचं. बाया पानी भरतील."

शेट हसला. "आणि तो नाही आला एखाद्या दिवशी?"

"तर नका उघडू."

शेटला सौदा आवडला. त्याला त्यात काही द्यावंच लागत नव्हतं.

पुंडलिकला हे किनाऱ्यावर कळलं. हातातली खरवडणी त्यानं वाळूत रोवली आणि साखरबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "हात माजा. त्याचा सौदा करनारी तू कोन?"

"तुज्या जयवंतीच्या डोक्यावरचा हंडा उतरवनारी," साखरबाई म्हणाली. बोंबलांवरची नजर तिनं काढलीच नाही. "तिची मान बगितलीस काय? नाय बगितलीस. तुला होडीची फट दिसते, बायकोची मान दिसत नाय."

यावर पुंडलिकनं बरंच काही ऐकवलं, पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो फाटकात हजर होता.

गाडीचा त्याला मनापासून तिरस्कार होता, आणि त्याहून मोठी पंचाईत ही की वाईट काम त्याच्या हातून होत नव्हतं. ऊन चढायच्या आत गाडी पुरी झाली पाहिजे, तापलेल्या पत्र्याला पाणी लावायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तापल्या फळीला रंग लावत नाहीत, तसंच ते. आधी तांब्या-तांब्यानं पाणी सोडून वाळू वाहू द्यायची. वाळू अंगावर असताना फडकं लावलं की फडकंच पटाशी होतं. मग रात्री भिजत घातलेल्या रिठ्यांचा फेस. सोडा नाही, कपड्याचा साबण नाही. जयवंतीचं जुनं लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, त्याचे तुकडे. वरून खाली, सरळ हात, गोल फिरवायचा नाही. खालच्या अंगाचं फडकं वरच्या अंगाला लागता कामा नये. मग पुन्हा पाणी आणि थेंब सुकायच्या आत साहेबाकडून आलेल्या मऊ कातड्यानं टिपून घ्यायचं. आठवड्यातून एकदा डब्यातलं मेण बोटभर घेऊन सावलीत चोळायचं.

या सगळ्याला चार बादल्या पाणी लागायचं. पाचवी लागली तर त्याला स्वतःचीच लाज वाटायची, कारण बाजूला रहाटावर बाया उभ्या असायच्या आणि त्या बघत असायच्या.

"बेडकाची आंगोळ झाली काय रं?" एखादी विचारायची.

"पाठ चोळलीस, आता पाय दाब त्याचे."

"जयवंते, घरी कदी तुला एवढं चोळलं यानं?"

जयवंती रहाट ओढता ओढता म्हणायची, "मी काय शर्यतीची हाय?" आणि बाया हसून लोळायच्या. पुंडलिक दात खाऊन कातडं पिळायचा. हसणं त्याला डाचत नव्हतं. हंडे भरत होते, मग हसोत. डाचत होतं ते शेटचं.

शेटला चार बादल्या पुरेशा वाटत नव्हत्या. तो न्याहारी करून वाडीतल्या बंगल्याच्या दारात यायचा तेव्हा गाडी धुऊन, पुसून, आरशासारखी उभी असायची, आणि त्याचं तोंड पडायचं.

"झालं पण?"

"झालं."

"पाणी मारलंस का नीट?"

"हात लावून बगा."

शेट हात लावायचा. बोटाला काही लागत नसे. तरी म्हणायचा, "नाही पुंडलिक. गाडी मोठी आहे. पाणी मार की भरपूर. वीस बादल्या मार. लोक येतात-जातात, दिसलं पाहिजे की धुतली जाते."

"रंगाला दिसन्याशी काय?" पुंडलिक म्हणायचा.

"तुला नाही कळायचं."

पुंडलिकला ते पुरतं कळलं होतं, म्हणून तर अंगाची आग होत होती. शेटला गाडी स्वच्छ नको होती. धुतली जाताना हवी होती, चार लोकांसमोर, पाणी वाहताना. रोज घरी जाऊन भाकरी मोडता मोडता तो हे जयवंतीला सांगायचा आणि जयवंती रोज म्हणायची, "फाटक उघडं हाय ना? मग गप जेव."

वैशाख लागला. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि रहाटाचा दोर दोन हात लांब करावा लागला. आता विहिरीचा एक रिवाज पाळायचा असतो. तो कुठं लिहिलेला नाही, पण किनाऱ्यावरची शेंबडी पोरगीही तो जाणते. वैशाखात, अवस-पुनवेच्या उधाणाच्या दिवसांत, भरती चढत असताना विहीर जोरानं उपसायची नाही. दर्या जमिनीखालून पुढं सरकत असतो. त्याला थोपवून धरतं ते विहिरीतलं गोडं पाणी. ते काढून घेतलं की दर्या आत शिरतो, आणि शिरलेला दर्या पाऊस पडून महिने लोटेपर्यंत निघत नाही. म्हणून बाया त्या दिवसांत ओहोटीला भरायच्या, तेही घरटी एक हंडा, आणि दोन हंड्यांच्या मध्ये विहिरीला दम खाऊ द्यायच्या.

आणि तेवढ्यात शेटनं खडीच्या खाणीवरचं डिझेल इंजिन आणून विहिरीच्या काठावर बसवलं.

अवसेला कारखान्यावरचे मोठे साहेब त्याच्याकडे जेवायला येणार होते. दोन परदेशी आणि बाकी मुंबईचे. बंगल्यापुढं त्यानं हिरवळ लावली होती. तिला पाणी हवं होतं, आणि गाडीला रबरी पाइपानं फवारा. साहेब लोक फाटकातून शिरतील तेव्हा समोर फवाऱ्याखाली हिरवी गाडी चमकत असेल, असं सगळं त्याच्या डोक्यात होतं.

पुंडलिक स्वतःहून शेटपुढं जाऊन उभा राहिला. असं तो आयुष्यात फार कमी माणसांपुढं राहिला होता.

"शेट, अवसेला इंजिन लावू नका. सकाळपासनं भरती चढते, दुपारी भरते. त्या वक्ताला विहीर उपसली तर खारी होईल."

"समुद्र कुठं, विहीर कुठं," शेट म्हणाला. "अर्धा मैल आहे मध्ये."

"वरनं अर्धा मैल. खालनं नाय."

"अरे, पन्नास वर्षं गोडं पाणी आहे तिथं."

"पन्नास वर्षं आमी सांभाळून काडलं म्हनून हाय."

शेटनं पाठीवर हात ठेवला. तो हात पुंडलिकला पालीसारखा वाटला. "तू रंगाचं बघ. पाण्याचं आमचे इंजिनियर बघतील. आणि हे बघ, त्या दिवशी फाटक बंद राहील. पाहुणे येणार, तिथं हंड्यांची रांग बरी दिसत नाही. एक दिवसाचा प्रश्न आहे."

पुंडलिकनं गावात येऊन सांगितलं. कुणी म्हणालं, इंजिनात वाळू टाकू. कुणी म्हणालं, तू जाऊच नको त्या दिवशी. पण तो गेला नाही तर सौदा मोडला, फाटक कायमचं बंद, हे साखरबाईनंच ठरवून दिलेलं. शेवटी साखरबाईच म्हणाली, "जा. इंजिन थोडाच वेळ चालीव म्हनून सांग. गोड बोलून सांग."

"गोड बोलायला माजी जीभ वेगळी हाय काय?" पुंडलिक म्हणाला.

अवसेच्या दिवशी तो पोचला तेव्हा इंजिन धडधडतच होतं. हिरवळीसाठी आदल्या संध्याकाळपासून चालू होतं, हे नागोरावनं सांगितलं आणि लगेच म्हणाला, "मला बोलू नका भाऊ. मालकाचा हुकूम." पुंडलिकनं विहिरीत वाकून पाहिलं. तळाचा काळा खडक दिसत होता. जन्मात त्यानं तो पाहिला नव्हता.

"बंद कर," तो म्हणाला.

"मला बंद करता येत नाही त्ये."

फाटकाबाहेर बाया जमल्या होत्या. आज मिळणार नाही हे माहीत असूनही आल्या होत्या, रिकामे हंडे कमरेवर घेऊन. पहिल्या मोटारी आल्या. नागोरावनं बायांना बाजूला सारून फाटक उघडलं आणि पुन्हा लावलं. साहेब लोक उतरले. शेट पांढऱ्या पँटीत, हात जोडत, हसत. लांबूनच त्यानं पुंडलिकला हातानं खूण केली, मार.

ऊन चांगलंच तापलं होतं. पत्रा हाताला चटका देत होता. या वेळेला गाडीला पाण्याचा थेंब लावायचा नसतो. तरी सौद्यासाठी पुंडलिकनं पाइप धरला. फवारा गाडीवर पडला, वाफ उठली, पाहुण्यांतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाणी टपावरून, तोंडावरून, चाकांवरून वाहत वाळूत मुरत होतं, आणि फाटकाच्या गजांतून बाया ते मुरताना पाहत होत्या. एरवी थट्टा करणाऱ्या त्या बायांचं गप्प राहणं पुंडलिकला पाठीवर काठीसारखं बसत होतं.

वाऱ्यानं फवारा उलटला आणि शिंतोडे त्याच्या तोंडावर आले. त्यानं ओठ चाटला.

खारट.

पुन्हा चाटला. घाम असेल म्हणून पाइपाचं तोंड सरळ तोंडात धरलं. दर्याच होता.

त्यानं पाइप टाकला. शेट पाहुण्यांना गाडीचं दार उघडून दाखवत होता. पुंडलिक म्हणाला, "शेट, पानी खारं झालं. इंजिन थांबवा."

"नंतर," शेट हसऱ्या तोंडानं म्हणाला. "चालू ठेव."

"नंतर नाय. आता. दर्या आलाय विहिरीत."

"पुंडलिक, पाहुण्यांसमोर तमाशा नको. पाइप उचल."

"पाइप तू उचल," पुंडलिक म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं शेटला अरेतुरे केलं. तो विहिरीकडे चालत गेला. गावातल्या तीन होड्यांना आता यंत्रं बसली होती, ती कशी थांबवतात ते त्याला ठाऊक होतं. त्यानं तेलाचा खटका खाली ओढून धरला. इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. एकदम सगळीकडे शांत झालं आणि त्या शांततेत शेटचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"चालता हो माझ्या वाडीतून. आणि फाटक आता कायमचं बंद. सांग तुझ्या बायकांना."

"फाटक बंद कर नाय तर डोक्यावर घेऊन नाच," पुंडलिक म्हणाला. "आत काय उरलंय?"

तो बाहेर आला तेव्हा जयवंती पुढं झाली. त्याच्या भिजलेल्या सदऱ्याचं टोक तिनं पिळलं, बोट जिभेला लावलं आणि थुंकली. एकेक बाई पुढं येऊन तसंच करू लागली. साखरबाईनं सगळ्यात शेवटी चाखलं.

"आनि पाइप कोनी धरलेला?" ती म्हणाली.

"मी."

"ते तरी कबूल करतोस."

घरी जाऊन पुंडलिक उंबऱ्यावर बसला आणि जयवंतीनं दिलेली भाकरी त्यानं परत सरकवली. स्वतःचा राग येणं ही त्याला नवी गोष्ट होती आणि ती त्याला अजिबात झेपत नव्हती. सौदा त्यानं केला नव्हता, इंजिन त्यानं लावलं नव्हतं. पण पाइप त्यानं धरला होता. पोचताच खटका ओढायचा, की इंजिनाचा आवाज ऐकताच आल्या वाटेनं परतायचं? दोन्हीकडून गाव पाण्यावाचूनच राहत होतं. विचार करून डोकं तापलं तसा तो उठून किनाऱ्यावर गेला आणि दिवेलागणीपर्यंत एका होडीचं बूड खरवडत बसला.

इकडे गाडी उन्हात वाळली. खाऱ्या-चुनखडीच्या पाण्याचे थेंब तापल्या पत्र्यावर जिथल्या तिथं आटले आणि टपापासून चाकापर्यंत पांढरे खवले उठले. हिरवा बेडूक कोड फुटल्यासारखा दिसायला लागला. पाहुणे जेवून निघाले तेव्हा एकानं त्यावर काहीतरी विनोद केला म्हणतात. शेटनं संध्याकाळी साबण लावून बघितला. मग रॉकेल. मग ड्रायव्हरला परत बोलावून घासायला लावलं. खवले जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नागोराव किनाऱ्यावर आला. "मालकांनी बोलावलंय. झालं-गेलं विसर म्हणाले."

"त्याला म्हनावं पायानं ये. वाट हाय."

"भाऊ, असं कसं सांगू?"

"माज्या तोंडानं सांग. आनि हे बी सांग, की तो डाग आज जाईल, उद्या जाईल, पन परवा तो रंगाच्या पोटात शिरेल. मग माजा बाप वरनं आला तरी निघायचा नाय."

नागोराव गेला. त्या दिवशी शेट आला नाही. पालघरहून त्यानं मोटारींच्या रंगाचा एक कारागीर बोलावला. तो म्हणाला, सगळा रंग खरवडून नवा द्यायला लागेल, पण हा हिरवा इथं मिळायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेटची जीप वाळूत येऊन रुतली आणि शेट खाली उतरला. बूट वाळूत जात होते. किनाऱ्यावरचे सगळे लोक आपापलं काम करत असल्याचं दाखवत कान देऊन उभे राहिले.

"काय घेशील?" शेटनं विचारलं.

पुंडलिक होडीखालून बाहेर आला नाही. "इंजिन उचला."

"उचलतो. ते आता काय कामाचं?"

"फाटक काडा. बिजागऱ्यांसकट."

"ते बघू."

"मग बगा." खरवडणी पुन्हा लाकडावर चालायला लागली.

शेटनं इकडंतिकडं पाहिलं. "बरं. काढतो. आणखी?"

"तुमचे पान्याचे टँकर चालतात कारखान्यावर. त्यातला एक रोज सकाळी हितं आला पायजे. गोडं पानी भरून. विहीर गोडी होईपरेंत."

"रोज? पाऊस पडला तरी?"

"पाऊस पडला म्हनून दर्या लगेच जात नाय. मी सांगितलेलं तुमाला."

शेटच्या कपाळावरची शीर उडत होती. "एका गाडीसाठी एवढं?"

आता पुंडलिक बाहेर आला. गुडघ्यावरची वाळू झटकून उभा राहिला. "एका गाडीसाठी तुमी गावचं पानी प्यायलात. मी तर टँकरच मागतोय. आनि गरज माजी नाय. मला त्या बेडकाचं तोंड बगायचं नाय. जा, रंगवून घ्या पिवळा."

"बरं. पाठवतो टँकर," शेट म्हणाला. शेट जीपमध्ये बसला, जीप निघेना, चार जणांनी ती ढकलून दिली. कुणाला सांगावं लागलं नाही, कारण ती गेल्याशिवाय टँकर येणार नव्हता.

चौथ्या दिवशी उजाडताना टँकर आला. फाटक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. बायांनी रांग लावली. पुंडलिक ताडी आंबवून केलेल्या आंबट शिरक्याचा बुधला घेऊन आला. हंड्यावर धरलेलं पाण्याचं कीट याच शिरक्यानं निघतं, घरोघरी बाया तेच करतात. पण धुवायला आणि मागून निथळायला गोडं पाणी हवं होतं. तो रांगेच्या टोकाला उभा राहिला.

"तू पुढं जा रं," एक जण म्हणाली. "काम हाय तुला."

"मानसं आधी," पुंडलिक तिच्यावर खेकसला.

शेट ओट्यावर उभा राहून पाहत होता. सगळ्या बायांचे हंडे भरून झाल्यावर पुंडलिकनं चार बादल्या घेतल्या, पाचवी नाही. शिरका पाण्यात मिसळून लुगड्याचा तुकडा भिजवला आणि एकेका डागावर पसरून ठेवला. घासलं नाही. भिजू दिलं, उचललं, धुतलं, टिपलं. पुन्हा पुढचा डाग. ऊन येईतो दारं झाली, टप झाला, मागचं अंग झालं. हिरवा रंग खालून वर आला. पुंडलिकच्या तोंडातून शेटच्या घराण्याचा उद्धार बारीक आवाजात चालूच होता, पण हात असा चालत होता जसा पहिल्या दिवशी.

राहिलं गाडीचं तोंड. दुपारचं ऊन थेट त्यावर पडलेलं, तिथला पत्रा सगळ्यात जास्त तापलेला. वर तळहाताएवढ्या जागेत सात-आठ डाग होते. त्यानं तीनदा फडकं ठेवलं. पांढरं निघालं, पण खाली रंगात खळगे राहिले, देवीच्या वणांसारखे. बोटानं त्यानं ते चाचपले आणि फडकं बादलीत टाकलं.

शेट खाली आला. "हे?"

"हे जात नाय."

"मेण लाव."

"मेनानं खळगा भरत नाय, झाकतो. पुन्हा दिसंल."

"तू मुद्दाम ठेवलेस," शेट म्हणाला.

पुंडलिकनं त्याच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत या एका बोलण्यानं तो खरा दुखावला गेला, आणि त्याचं उत्तर त्यानं आवाज न चढवता दिलं. "हातानं मी खोटं काम करत नाय. परवा पायानं आला असतास तर हे बी गेले असते. तू पालघरचा मानूस बोलावलास. ते दोन दिवस तुजे, हे डाग बी तुजे."

बुधला उचलून तो बाहेर पडला. शेटनं पुढं ती गाडी वर्षभरानं मुंबईच्या कुणाला तरी विकली.

विहीर गोडी व्हायला गणपती उलटून गेले. पावसानं ती काठोकाठ भरली तरी साखरबाई रोज चाखायची आणि रोज थुंकायची. तोवर टँकर येत राहिला. आषाढात एकदा दोन दिवस आला नाही. रस्ता वाहून गेलाय म्हणून शेटकडून निरोप आला. तिसऱ्या दिवशी पुंडलिक खांद्यावर इरलं टाकून चिखल तुडवत बोईसरपर्यंत चालत गेला. पावसात शेट तिथंच मुक्कामाला असायचा. त्याला पुंडलिक काय बोलला ते कुणाला कळलं नाही. दुपारी टँकर आला तेव्हा तो ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला होता, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच शिव्या खात होता.

"उतर आता," जयवंती हंडा पुढं करून म्हणाली. "आनि नळ सोड. बोलनं मागनं बोल."

त्यानं नळ सोडला. बोलणं काही थांबलं नाही.